कॉर्न स्नेकचं पिल्लू घरी आणताना: पहिल्या वर्षाची देखभाल

आमच्या फ्रीझरमध्ये उकडीचे मोदक आणि मेलेले उंदीर एका कप्प्यात ठेवायचे नाहीत, हा करार आधी झाला आणि साप नंतर आला. शेवटी गॅरेजमध्ये एक छोटा वेगळा फ्रीझरच घ्यावा लागला. साप पाळायचं मनात असेल तर सुरुवात इथूनच करा. गोठवलेले उंदीर पुढची पंधरा-वीस वर्षं घरात राहणार आहेत, हे घरातल्या सगळ्यांना, विशेषतः शाकाहारी मंडळींना, आधीच सांगून टाका. कॉर्न स्नेक पाळलेल्या अवस्थेत तेवढं सहज जगतो, आणि भाजी-फळं तो कधीही खाणार नाही.

आम्ही राहतो ओहायोत, कोलंबसला. लेक दोन वर्षं मागे लागली होती. आमचा साप, मक्या, आला तेव्हा नऊ इंचांचा आणि सात ग्रॅमचा होता, म्हणजे बुटाच्या नाडीएवढा. आज तीन वर्षांनी तो साडेतीन फूट आहे. सांगलीहून आईचा पहिला प्रश्न होता, "विषारी नाही ना रे?" आणि दुसरा, "दूध पाजता का?" दोन्हींचं उत्तर "नाही". साप दूध पीत नाही. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते ओलं पितो एवढंच. त्याला लागतं ते स्वच्छ पाणी.

हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, न्यू जर्सीच्या पाइनच्या जंगलांपासून खाली फ्लोरिडापर्यंतचा. आपल्या धामणीच्याच कुळातला, आणि अंगावरच्या नक्षीकडे पाहिलं तर तस्कर आठवतो. पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी असतात, रंगीबेरंगी मक्याच्या कणसासारख्या. नाव त्यावरून पडलं असं काही जण म्हणतात. मक्याच्या कोठारांत उंदरांमागे येणारा साप म्हणून पडलं, असं दुसरे सांगतात. जंगलात बिचारा बऱ्याचदा विषारी कॉपरहेड समजून मारला जातो.

आधी कायदा बघा

ही पायरी लोक हमखास गाळतात, म्हणून वर घेतली. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा आहे. जॉर्जियात हा साप रानात सापडतो, म्हणूनच तो घरात ठेवता येत नाही. न्यू जर्सीत तो संकटग्रस्त यादीत असल्यामुळे परवाना लागतो. हवाईत कुठलाच साप पाळता येत नाही. ऑस्ट्रेलियातही कॉर्न स्नेक बेकायदा आहे. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाचा करारही वाचा.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच, की आपल्याकडचा तस्कर, धामण किंवा रानातला कुठलाही साप पकडून घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. "परदेशी आहे, चालतं" असं म्हणत कोणी कागदपत्रांशिवाय पिल्लू देऊ केलं, तर तिथूनच परत फिरा.

पिल्लू निवडताना

अंडी साधारण उन्हाळ्यात फुटतात, त्यामुळे जुलै ते सप्टेंबरनंतर पिल्लं भरपूर दिसतात. बंदिवासात जन्मलेलंच घ्या. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा झाला तर हा विचारा: गोठवून वितळवलेला उंदीर याने किती वेळा खाल्लाय, आणि तारखा दाखवता का? चांगला पैदासकार डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी काढून दाखवतो. किमान चार-पाच वेळा न ओकता खाल्लेलं पिल्लू घ्या. "घरी गेल्यावर खाईल" असं सांगून दिलेलं नको, कितीही सुंदर रंगाचं असलं तरी.

हातात घेऊन पाहा. डोळे स्वच्छ हवेत, पाठीच्या कण्यात गाठ किंवा वाकडेपणा नको, शेपटीच्या मुळाशी पोटाकडून मलद्वार कोरडं आणि साफ हवं. जीभ लवलवत असावी. पिल्लू घाबरून सुटायला बघत असेल तर ते चांगलंच लक्षण आहे, हातात मलूल पडून राहिलेलं मात्र घेऊ नये.

रंगांच्या मागे फार लागू नका. काळा रंगद्रव्य नसलेला केशरी, लाल नसलेला करडा, दोन्ही नसलेला पांढरट असे ढीगभर प्रकार मिळतात आणि किंमत त्यावर ठरते. सांभाळायला सगळे सारखेच. साध्या रंगाच्या पिल्लापेक्षा त्याच्या सामानालाच जास्त पैसे लागतात.

घर आधी, साप नंतर

पिल्लू आणण्याच्या निदान आठवडाभर आधी त्याचं घर लावून, चालू करून ठेवा. तापमान स्थिर राहतंय का ते दिवस-रात्र बघा. साप गाडीत आणि दुकानदार थर्मोस्टॅटची (तापमान ठरावीक ठेवणाऱ्या उपकरणाची) माहिती सांगतोय, असं करू नका.

पूर्ण वाढलेल्या सापाला आज चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच एवढी जागा द्यावी असं मानलं जातं. पिल्लाला मात्र छोटं घर सोयीचं. दहा गॅलनची (साधारण ३८ लिटरची) काचेची पेटी किंवा घट्ट झाकणाचा, भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा पुरतो. मोठ्या पेटीतही पिल्लू राहू शकतं, पण ती लपायच्या जागांनी आणि खोट्या पानांनी गच्च भरलेली हवी. उघड्या मैदानात ते घाबरून खाणं सोडतं.

झाकणाबद्दल जरा सविस्तर. पेन्सिल जिथून आत जाते तिथून हे पिल्लू बाहेर येतं. वायर जाण्यासाठी ठेवलेली खाच, जाळीचा सैल कोपरा, नुसतं वजन ठेवून दाबलेलं झाकण, यातली प्रत्येक गोष्ट त्याच्या दृष्टीने दार आहे. चारही बाजूंनी क्लिप हव्यात. इकडच्या घरांत जमिनीत हीटरच्या हवेच्या जाळ्या असतात. पिल्लू निसटलंच तर आधी त्यांच्यावर टेप लावा, खोलीचं दार बंद करून फटीत टॉवेल कोंबा. मग रात्री दिवे घालवून टॉर्च घेऊन शोधा. फ्रिजच्या मोटरमागे, वॉटर हीटरपाशी, पुस्तकांच्या मागे, जिथे ऊब आणि चिंचोळी जागा असेल तिथे. भिंतीच्या कडेने जमिनीवर पीठ भुरभुरलं तर सकाळी माग दिसतो.

आता ऊब. साप स्वतः उष्णता तयार करत नाही, त्यामुळे पेटीचं एक टोक गरम आणि दुसरं थंड हवं. त्याने हवं तेव्हा इकडून तिकडे जायचं. गरम टोकाचा पृष्ठभाग २९ ते ३१ अंश सेल्सिअस, म्हणजे साधारण ८५ ते ८८ फॅरनहाइट. थंड टोक २२ ते २४ अंश, म्हणजे ७२ ते ७५ फॅरनहाइट. रात्री थोडं उतरलं तर बिघडत नाही.

हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, पेटीच्या एक तृतीयांश तळाखाली बसवा. ती कधीही थर्मोस्टॅटशिवाय लावायची नाही. थर्मोस्टॅट नसेल तर मॅट तळाला चटका बसेल इतकी तापते, आणि सापाला पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही, तो तिथेच भाजत पडून राहतो. दुकानांत मिळणारा 'गरम दगड' याच कारणाने घेऊ नका. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅटच्या वरच्या जागी घट्ट बसवा. तो सुटून बाजूला लोंबकळला तर मॅट तापतच राहील. काचेला चिकटवलेल्या गोल काट्याच्या तापमापकावर भरवसा नको, इन्फ्रारेड तापमापकाच्या बंदुकीने प्रत्यक्ष जमिनीचं तापमान बघा.

बाकीचं सामान कमी आहे. लपायला दोन आडोसे हवेत, एक गरम टोकाला आणि एक थंड टोकाला. त्यात पिल्लू वेटोळं करून सगळ्या बाजूंनी टेकेल इतके ते घट्ट असावेत. आडोसा एकच दिला तर त्याला ऊब आणि सुरक्षितता यांत निवड करावी लागते, आणि ते दरवेळी सुरक्षितता निवडतं. आमच्याकडे पहिले सहा महिने टॉयलेट पेपरची नळी आणि उपडी घातलेली, कडेला खाच पाडलेली दह्याची प्लास्टिकची वाटी एवढंच होतं. पाण्याचं भांडं जड हवं, रोज पाणी बदला. खाली पहिले दोन-तीन महिने साधे पेपर टॉवेल घाला. विष्ठा कशी आहे, ओकलंय का, माइट (अंगावरचे उवांसारखे बारीक किडे) आहेत का, सगळं पांढऱ्यावर दिसतं. नंतर ॲस्पेनचा भुसा घाला, त्यात तो बोगदे करतो. सीडर आणि पाइनचा भुसा नको, त्यातल्या तेलाची वाफ सापाला बाधते. आर्द्रता ४० ते ६० टक्के पुरे.

दोन पिल्लं एका पेटीत ठेवू नका. "एकटा पडेल" ही भावना आपली आहे. कॉर्न स्नेक एकटाच राहतो आणि लहान भावंडाला गिळल्याची उदाहरणंही आहेत.

पहिले दोन-तीन आठवडे: काही करू नका

हे सगळ्यात अवघड आहे, कारण घरात लहान मूल असतं आणि त्याला साप हातात हवा असतो. पिल्लू पेटीत सोडा, पाणी बघा आणि बाजूला व्हा. पहिला आठवडा खायलाही देऊ नका. सात दिवस झाले की पहिला उंदीर द्या. दोन-तीन वेळा नीट खाऊन पचवेपर्यंत हातात घ्यायचं नाही. दिवसभर दिसलंच नाही तरी आडोसा उचलून बघू नका. तो रात्री आणि संधिप्रकाशात फिरतो. माझं स्पष्ट मत आहे की या पिल्लांचे बहुतेक आजार उपेक्षेने होत नाहीत, कौतुकाने होतात.

खाणं

पिल्लाला 'पिंकी' देतात, म्हणजे नुकतं जन्मलेलं, केस न आलेलं, गुलाबी उंदराचं पिल्लू. गोठवलेलं मिळतं. जिवंत देऊ नका. जरा मोठा झालेला जिवंत उंदीर सापाला चावून जबर जखमी करू शकतो.

आकार किती हा प्रश्न सगळे विचारतात. शरीराच्या वजनाच्या दहा टक्के हा नियम मोठ्या सापाला लावा. सात ग्रॅमच्या पिल्लाला तो लागू होत नाही, कारण तितकी लहान पिंकीच नसते. एक दिवसाची पिंकी एक-दीड ग्रॅमची असते. तीच द्या. पिल्लाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाइतकी, फार तर त्याच्या सव्वापट, हे माप डोळ्यात ठेवा. खाल्ल्यावर पोटाशी हलकासा फुगवटा दिसावा. सशाला अजगराने गिळल्यासारखं दिसत असेल तर चुकलं. दर सहा-सात दिवसांनी एक पिंकी पुरते. सापाचं वजन वाढेल तशी मोठी पिंकी, मग बारीक लव आलेला उंदीर, असं पुढे जा. वजनकाटा स्वयंपाकघरातला नको, दहा-बारा डॉलरचा वेगळा घ्या, आणि तारीख, वजन, काय खाल्लं, कात कधी टाकली हे वहीत लिहीत चला. डॉक्टरकडे जायची वेळ आली तर ती वही सगळ्यात उपयोगी पडते.

वितळवायची पद्धत अशी. पिंकी झिपच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये काही तास ठेवा, किंवा थेट गार पाण्याच्या वाटीत ठेवा. पूर्ण मऊ झाली की पिशवीसकट कढत पाण्यात, हात बुडवल्यावर सोसेल इतक्या, पाच मिनिटं. बोटाने दाबून आत गारठा नाही ना बघा. मायक्रोवेव्हमध्ये कधीही घालू नका. पिंकी बाहेरून शिजते, आतून गार राहते किंवा फुटते, आणि त्यानंतर त्या मायक्रोवेव्हमध्ये कोणी चहा गरम करणार नाही. वाटी, चिमटा, टॉवेल सगळं वेगळं ठेवा.

मग पुसून कोरडी केलेली पिंकी लांब चिमट्याने शेपटीकडून धरून आडोशाच्या तोंडाशी न्या. तोंडावर नेऊन आदळू नका, तो घाबरून मागे सरतो. मक्या आधी जीभ काढून चार-पाच वेळा हवा चाखायचा, मान इंग्रजी एससारखी आखडायचा आणि एकदम झेप. मग वेटोळ्यात आवळून, डोक्याकडची बाजू शोधत सावकाश गिळायचा. पहिल्यांदा सगळ्या कामाला वीस मिनिटं लागली. लेक श्वास रोखून बसली होती.

चिमट्याने घेत नसेल तर पिंकी आडोशाबाहेर ठेवून दिवे घालवा, रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी न खाल्लेली फेकून द्या, पुन्हा गोठवू नका. तरी नाही तर पुढच्या वेळी छोट्या डब्यात पिल्लू, पिंकी आणि एक ओलसर टिश्यू ठेवून डबा अंधारात, पेटीतच ठेवा. रानातली पिल्लं पहिल्यांदा उंदीर खात नाहीत, सरडे आणि झाडावरचे बेडूक खातात. म्हणून हट्टी पिल्लासाठी पिंकीला सरड्याचा वास लावायची युक्ती पैदासकार करतात. एक-दोन वेळा नाकारलं म्हणून घाबरू नका. कात जवळ आली असेल तर ते हमखास उपाशी राहतं. तीन आठवडे सलग नाही आणि वजन घटतंय, तर विकणाऱ्याला आणि डॉक्टरला विचारा.

खाल्ल्यावर पूर्ण ४८ तास हात लावायचा नाही. हा नियम मी मोडला. चौथ्या आठवड्यात लेकीच्या मैत्रिणी आल्या होत्या. मक्याने आदल्या रात्री खाल्लं होतं आणि "दोन मिनिटंच" म्हणत मी त्याला बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्याशेजारी करडा, चिकट, अर्धवट विरघळलेला गोळा पडलेला, आणि वास असा की तळघरातून जिन्यावर येत होता. पिल्लाला एकदा ओकणं फार महागात पडतं, पोटातली आम्लं आणि अन्ननलिका सावरायला वेळ लागतो. अशा वेळी लगेच पुन्हा खायला घालू नये. आम्ही बारा दिवस थांबलो, मग नेहमीपेक्षा लहान पिंकी दिली, त्यानंतरची दोन जेवणंही लहानच. ओकण्याची इतर कारणं म्हणजे उंदीर मोठा असणं, आतून गार असणं किंवा गरम टोक पुरेसं गरम नसणं. दुसऱ्यांदा ओकलं तर थेट डॉक्टर.

कात

पिल्लू चार ते सहा आठवड्यांनी कात टाकतं. आधी रंग फिका पडतो, मग डोळे निळसर, दुधट होतात. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, ते चिडचिडं होतं, तेव्हा त्याला एकटं सोडा. डोळे पुन्हा स्वच्छ झाले की चार-पाच दिवसांत कात निघते. झाकण असलेल्या छोट्या डब्यात ओलं शेवाळ किंवा ओला पेपर टॉवेल भरून, एक भोक पाडून पेटीत ठेवा. कात उलट्या मोज्यासारखी अखंड निघायला हवी. निघाल्यावर ती उजेडात धरून डोळ्यांवरच्या दोन पारदर्शक चकत्या आणि शेपटीचं टोक आलंय ना बघा. तुकडे राहिले तर कोमट, ओलसर डब्यात अर्धा तास ठेवा, मग ओल्या कापडातून त्याला स्वतःच सरकू द्या. डोळ्यावरची चकती नखाने किंवा चिमट्याने काढायला जाऊ नका.

हातात घेणं

वरून झडप घातल्यासारखा हात आणू नका. त्याच्या दुनियेत वरून येतो तो पक्षी. बाजूने, खालून हात सरकवा, मधल्या अंगाखाली आधार द्या, एका हातातून दुसऱ्या हातात चालू द्या. सुरुवातीला पाच मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा. खाली बसून घ्या, म्हणजे पडलं तरी उंचीवरून पडणार नाही. पिल्लू शेपूट थरथरवेल, घाणेरडा वास सोडेल, चावायचंही नाटक करेल. चावलं तरी टाचणी टोचल्याएवढं. हात झटकू नका, दात मोडतात आणि पिल्लू फेकलं जातं.

हात साबणाने धुवा, आधीही आणि नंतरही. आधी यासाठी की हाताला उंदराचा किंवा चिकनचा वास असेल तर त्याला बोट हेच जेवण वाटतं. नंतर यासाठी की सापाच्या अंगावर सॅल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालची मुलं, वयस्कर, गरोदर बाई आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांनी सापाला आणि त्याच्या पेटीला हात लावू नये. भारतातून आजी-आजोबा सहा महिने राहायला येणार असतील तर पेटी स्वयंपाकघरापासून आणि त्यांच्या खोलीपासून लांब ठेवा.

साफसफाईत आपल्या सवयी आड येतात. फिनाईल आणि डेटॉल सापाच्या पेटीला लावायचं नाही, त्यातले फिनॉलच्या जातीचे पदार्थ सापाला विषारी ठरतात. क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक पातळ करून वापरा, नंतर पाण्याने पुसून वाळवा. त्या खोलीत डास-झुरळांचे फवारे नकोत, आणि पेटी देवघराच्या शेजारी असेल तर उदबत्तीच्या धुरातून तिला हलवा.

डॉक्टर कधी

तोंड उघडं ठेवून श्वास, घरघर, नाकातोंडाशी बुडबुडे ही श्वसनसंसर्गाची खूण आहे, बऱ्याचदा पेटी थंड आणि ओलसर राहिल्याने होते. पाण्याच्या भांड्यात मिरीपूड सांडल्यासारखे काळे ठिपके आणि साप तासन्‌तास पाण्यात बसलेला, म्हणजे माइट. पोटाचे खवले तपकिरी किंवा फोड आलेले, म्हणजे खालचा थर ओला आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर वेगळे असतात, कुत्र्या-मांजरांचे बरेच डॉक्टर साप घेत नाहीत. ए.आर.ए.व्ही. या पशुवैद्यांच्या संघटनेच्या यादीत जवळचा डॉक्टर शोधून नंबर आजच फ्रिजवर लावून ठेवा.

हिवाळ्यात वीज गेली तर घाबरू नका, एक रात्र १८-२० अंशांत तो काढतो. पेटीला बाहेरून ब्लँकेट गुंडाळा, हवा जायला जागा ठेवा. वीज येऊन पुन्हा ऊब स्थिर होईपर्यंत खायला मात्र देऊ नका, थंडीत पोटातलं पचत नाही आणि कुजतं.

डिसेंबरात भारतात जाताना

खात्यापित्या पिल्लाला दोन आठवडे उपास चालतो. निघण्याच्या चार-पाच दिवस आधी शेवटचं जेवण द्या, म्हणजे जायच्या आत पचून पेटी साफ करता येते. तीन-चार आठवडे जाणार असाल तर साप पाळणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे पेटीसकट सोडून या. दोन आठवड्यांसाठी आम्ही शेजारच्या आजोबांना किल्ली देतो. पहिल्या वर्षी त्यांना दोन पानं सूचना लिहून दिल्या होत्या. आता पेटीवर एक चिठ्ठी असते: एक दिवसाआड पाणी बदला, तापमान ८५ दिसतंय का बघा, क्लिपा लावा, खायला देऊ नका. साप दिसला नाही तर शोधू नका, नळीत झोपलेला असतो.